वरातीआधी घोडीचे तोंड पाहा

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात माझ्या भाच्याचा निकाह झाला. बारात दिल्ली वेशीकडून निघाली. पुढे डीजेची गाडी, मध्ये नाचणारी पोरे, मागे पांढरी घोडी आणि तिच्यावर सेहरा बांधलेला आमचा दूल्हा. मी मामू, म्हणून घोडीच्या बाजूने चालण्याचा मान माझा. कार्यालयात पोहोचलो तेव्हा अम्मीने माझ्या कुर्त्याची बाही धरून विचारले, "ये पान कोन थुक्या रे तेरे उपर?" पांढऱ्या बाहीवर गुलाबी शिंतोडे होते. असेल कोणीतरी, मी म्हटले. बारातीत पान खाणारे काय कमी असतात! रात्री कुर्ता भिजवायला घेतला तेव्हा कळले की ते पान नव्हते. घोडी सारखी मान झटकत होती, तिच्या तोंडाचा फेस उडत होता, आणि त्या फेसात रक्त होते.

बारातीत आणखी एक गोष्ट झाली होती. चौकात फटाक्यांची माळ लावली, घोडी दोन पायांवर उभी राहिली, बाजूचा एक पोरगा पडला, गुडघा फुटला. दूल्हेभाई संतापले. घोडेवाल्या चाचांचे ठरलेल्या पैशातून पाचशे रुपये कापले. मी तिथेच उभा होतो. काही बोललो नाही. शाळेत चाळीस पोरांसमोर दिवसभर बोलणारा माणूस अशा वेळी नेमका गप्प बसतो.

दुसऱ्या दिवशी पाचशेची नोट घेऊन चाचांकडे गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये घोडी उभी होती, खुंटीवर लगाम टांगलेला होता. तोपर्यंत शेकडो वेळा लगाम पाहिला असेल, पण झालर, मोती, आरसे, कलगी एवढेच. तोंडात जाणारा भाग त्या दिवशी प्रथम हातात घेतला. दोन कड्यांच्या मध्ये लोखंडी सळई, सळईवर फिरणाऱ्या चकत्या, आणि चकत्यांना करवतीसारखे दाते. ओठांच्या बाहेर गालाला टेकणाऱ्या दोन पट्ट्या, त्यांनाही आतून टोके. मी अंगठ्याने हलकेच दाबून पाहिले आणि हात मागे घेतला.

चाचा म्हणाले, "क्या करूं मास्टरसाब, मुँहजोर हो गई. काटे का लगाम नै लगाया तो डीजे में सुनतीच नै."

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे शब्द कानात अडकला की सुटत नाही. मुँहज़ोर म्हणजे ज्याच्या तोंडात जोर आहे असा, म्हणजे लगाम ओढला तरी न जुमानणारा घोडा. मराठीतला 'मुजोर' तो हाच. रिक्षावाल्यांची मुजोरी, अधिकाऱ्यांची मुजोरी असे मथळे आपण रोज वाचतो, पण मूळ तक्रार घोड्याच्या तोंडाबद्दल आहे हे विसरून गेलो. तसाच दुसरा शब्द जेरबंद. बिबट्या जेरबंद, दरोडेखोर जेरबंद. उर्दूची पहिली इयत्ता शिकलेल्या कोणालाही ज़ेर माहीत असतो: अक्षराच्या खाली दिली जाणारी तिरपी रेघ. ज़ेर म्हणजे खाली. घोड्याने मान वर उडवू नये म्हणून त्याच्या छातीखालून तंगापर्यंत जो पट्टा बांधतात, तो जेरबंद. 'जेरीस आणणे'ही त्याच घरचे. लगाम, तंग, रिकीब, खोगीर, नाल, चाबूक, सईस हे सगळे शब्द फारसी-अरबीतून घोड्याच्या पाठीवर बसून मराठीत आले. उलट दिशेनेही एक शब्द गेला. उर्दूत घोड्याच्या वैद्याला सलोतरी म्हणतात, तो आपल्या शालिहोत्र ऋषींच्या नावावरून. घोड्याने दोन भाषांमध्ये एवढी ये-जा केली आहे.

पण मुजोर या शब्दात एक अन्याय आहे आणि मला बोलायचे आहे ते त्याबद्दल. त्यात दोष घोड्याच्या नावावर लिहिलेला आहे. तोंड मात्र आपोआप 'जोर'दार होत नाही.

अकोल्याला शिकलेले एक पशुवैद्य माझे मित्र आहेत. त्यांना मी शेडवर घेऊन गेलो. त्यांनी घोडीचे ओठ बाजूला करून मला आत बघायला लावले. घोड्याचे पुढचे चावण्याचे दात आणि मागच्या दाढा यांच्या मध्ये हिरडीचा मोकळा पट्टा असतो. लगामाची सळई तिथे, जिभेवरून आडवी बसते. जणू निसर्गाने लगामासाठीच जागा सोडली आहे असे वाटते, पण तसे नाही. तिथे पातळ हिरडी आहे आणि तिच्याखाली लगेच हाड. आपल्या नडगीवर कातडी कशी असते, तसे. नडगीला खाटेचा कोपरा लागला की काय होते ते सगळ्यांना माहीत आहे. या घोडीच्या हिरडीवर एका बाजूला ताजी जखम होती आणि दुसऱ्या बाजूला जुन्या जखमेचा घट्ट वळ. जिभेच्या कडेला खाच. वळ आलेल्या जागेला साधा दाब कळत नाही, म्हणून आणखी टोकदार लगाम, म्हणून आणखी जखम, म्हणून आणखी घट्ट वळ. घोडी मुजोर झाली म्हणून काटा आला, असे चाचा सांगत होते. मित्राचे म्हणणे होते की क्रम उलटा आहे.

चाचांना खलनायक करून हा लेख संपवता आला असता. पण चाचांचे वडील कारंजाच्या स्टेशनवर टांगा चालवायचे. शकुंतला एक्स्प्रेस मूर्तिजापूरहून किंवा यवतमाळहून डुलत डुलत यायची, आणि बाहेर टांगे उभे असायचे. लहानपणी मीही त्यात बसलो आहे. त्या घोड्याच्या तोंडात साधी गुळगुळीत सळई असायची, चाचांनी ती अजून जपून ठेवली आहे. घोड्याला रस्ता पाठ, घराचा वास ओळखीचा, ओढायची गरज पडायची नाही. टांगा गेला, ऑटो आले, घोडा लग्नात गेला. आधी बँड होता. मग डीजे आला, छाती हलवणारा. मग दूल्ह्याच्या मित्रांना घोडी नाचवून हवी, खाटेवर उभी करून हवी, तिच्या पायाजवळ अनार हवे. काटेरी लगाम चाचांच्या घरात कधी आला, ते त्यांना तारखेसकट आठवत नाही, पण डीजेनंतर आला हे नक्की सांगतात. म्हणजे त्या दात्यांवर आमच्यासारख्या गिऱ्हाइकांची बोटे आहेत. आम्ही आवाज वाढवत गेलो आणि तो सहन करण्याचे काम एका जनावराच्या हिरडीवर सोपवले. वर पाचशे रुपये कापले.

आता लगाम निवडायचा कसा आणि बसवायचा कसा, ते सांगतो. यातले पुष्कळसे मला चाचांच्या शेडमध्ये, त्यांच्याच घोडीवर, मित्राने हात धरून शिकवले. घोडा पाळणाऱ्या वाचकांना यात नवे काही नसेल, पण घोडा भाड्याने घेणाऱ्यांना हे ठाऊक नसते, आणि पैसे देणारे तर तेच.

पहिली गोष्ट माप. आपण जोडा मापाने घेतो, लगाम मात्र 'घोड्याचा' म्हणून घेतो. एक गुळगुळीत काठी घोड्याच्या तोंडात सळईच्या जागी आडवी धरायची, दोन्ही ओठांच्या बाहेर खूण करायची आणि मोजायची. चाचांच्या घोडीचे माप पावणेपाच इंच भरले. तिच्या तोंडातली काटेरी सळई साडेपाच इंची होती, कारण ती आधीच्या, मोठ्या घोड्याची होती. म्हणजे एक बाजू ओढली की सगळी सळई दात्यांसकट सरकत जायची, आणि काम करवतीचे व्हायचे. दोन्ही बाजूंना मिळून पाव इंच मोकळे राहावे, बस. फार आखूड असली तर ओठांचे कोपरे चिमटतात.

दुसरी गोष्ट उंची. गालावरच्या पट्ट्या आखडल्या की सळई ओठांचे कोपरे वर ओढते आणि घोडा दिवसभर हसल्यासारखा दिसतो. ते हसू नसते. ढिल्या सोडल्या तर सळई खाली लोंबते, पुढच्या दातांवर आपटते, घोडा जीभ तिच्यावरून काढू पाहतो. ओठाच्या कोपऱ्याला सळई नुसती टेकावी, फार तर एक सुरकुती पडावी. काही घोड्यांना पहिल्या दाढेच्या पुढे खुंटासारखा एक बारीक दात येतो, सळई त्यावर लागली की घोडा मान झटकतो आणि आपण म्हणतो, खोडकर आहे. तो दात आधी डॉक्टरला दाखवला पाहिजे.

तिसरी गोष्ट सळईचा प्रकार, आणि इथे गैरसमज फार. मध्ये सांधा असलेली सळई ओढली की अडकित्त्यासारखी मिटते. हलक्या हाताला ती चांगली, पण हिसक्याला वाईट. लांब दांड्यांचा आणि हनुवटीखाली साखळीचा लगाम हापशीच्या दांड्यासारखा काम करतो. हात थोडा हलला तरी आत जोर कितीतरी पट. तो शिकलेल्या घोड्यासाठी आणि त्याहून शिकलेल्या स्वारासाठी. जाड सळई सौम्य, बारीक सळई कडक, हे साधारण खरे, पण लहान तोंडाच्या देशी घोड्याला फार जाड सळई ठेवली तर तोंड मिटतच नाही. दातेरी, काटेरी, पिळाची तार गुंडाळलेली सळई मात्र कुठल्याच तोंडासाठी नाही. यावर मी दुसरी बाजू ऐकून घ्यायला तयार नाही.

नाकपट्टीकडे तर कोणी बघतच नाही. बारातीच्या घोड्यांना नायलॉनची दोरी नाकाभोवती करकचून बांधलेली असते. विचारले तर उत्तर मिळते, तोंड उघडू नये म्हणून. तोंड का उघडते? आत दुखते म्हणून. आणि घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही. त्याला फक्त नाक आहे. नाकाच्या मऊ भागावर दोरी आवळली की मे महिन्याच्या उन्हात त्याचा श्वासच आपण मोजून देतो. नाकपट्टी गालाच्या हाडाच्या खाली, नाकाच्या पक्क्या हाडावर यावी आणि नाकासमोर तिच्याखाली दोन बोटे सहज जावीत. हे दोन बोटांचे माप जुनेच आहे, तरी जगातल्या मोठ्या स्पर्धांतही ते पाळले जात नव्हते, म्हणून आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाने 2025 पासून नाकपट्टीखाली घालून बघायचे मोजमापाचे साधनच आणले. म्हणजे लबाडी फक्त आपल्याकडे नाही. गळपट्ट्यात चार बोटांची मूठ मावावी. कपाळपट्टी आखूड असली की डोक्यावरचा पट्टा कानांच्या मुळाशी ओढला जातो. आपल्याकडे मारवाडी आणि काठियावाडी घोडे जास्त, त्यांच्या आत वळलेल्या कानांचेच तर आपण कौतुक करतो, आणि तिथेच घासून केस उडालेले असतात.

आणि विदर्भापुरती एक गोष्ट: सळई उन्हात टांगू नका. पंचेचाळीस अंशांत शेडच्या पत्र्याखाली लटकलेले लोखंड जिभेवर ठेवून पाहायची कोणाची तयारी आहे? आधी पाण्यात बुडवा, हाताला लावून बघा, मग तोंडात द्या. चाचांनी हे ऐकून कपाळाला हात लावला. "येवढी साधी बात, आब्बा रोज करते थे."

खरे सांगायचे तर बारातीच्या घोडीला तोंडातल्या सळईची गरजच कितीशी असते? दूल्हा काही स्वारी करत नसतो. त्याच्या हातात तलवार किंवा रुमाल असतो, लगाम धरतो खाली चालणारा माणूस. सळई बनली स्वाराच्या हातासाठी, पाठीवरून मागे येणाऱ्या हलक्या ओढीसाठी. खालून बाजूला हिसका दिला की ती वाकडी फिरते, एक कडी ओठात घुसते. चालवत न्यायच्या घोड्याला नीट बसलेली मोरकी हवी, तिच्या कडीला दोन बाजूंनी दोन दोऱ्या आणि दोन माणसे. पोळ्याला आपण बैलासाठी नवी मोरकी हौसेने घेतो, गोंडे निवडून. भीमथडी तट्टांवर बिऱ्हाड लादून फिरणारे धनगर तर बहुतेक दोरीच्या मोरकीवरच सगळा डोलारा नेतात. सळई असली तर आणीबाणीपुरती असावी, ढिली आणि गुळगुळीत.

त्याच वर्षी डिसेंबरात चाचांबरोबर सारंगखेड्याला गेलो. नंदुरबार जिल्ह्यात, तापीच्या काठी, दत्तजयंतीला भरणारी ती यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. अलीकडे चेतक महोत्सवाच्या नावाने तिथे स्पर्धाही होतात. तसाच बाजार नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत भरतो. घोडे पाहून जीव हरखला, हे कबूल करतो. पण गिऱ्हाईक काय बघत होते, तेही पाहिले. उंची, रंग, कानांची टोके जुळतात का, रेवाल चाल, आणि भोवरे. भोवऱ्यांवरून सौदे होतात आणि मोडतात. देवमण कुठे आहे, अशुभ भोवरा कुठे आहे यावर दोन म्हातारे हमरीतुमरीवर आलेले मी पाहिले. त्यात एक मुसलमान आणि एक पाटील, आणि श्रद्धा दोघांचीही सारखीच. हे शास्त्र जुने आहे. सआदत यार ख़ाँ रंगीन यांना उर्दूचे विद्यार्थी रेख्तीचे शायर म्हणून ओळखतात, पण त्यांनी घोड्यांवरही एक फरसनामा लिहिला, आणि फिलॉट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1911 साली त्याचे इंग्रजी भाषांतर छापले. आमच्या अभ्यासक्रमात हे कोणी सांगितले नव्हते.

बाजारात घोड्याचे तोंडही उघडून बघतात बरं का. अंगठा ओठात घालून झटकन दात पाहायचे, वय सांगायचे. तो अंगठा ज्या हिरडीवरून जातो, ती जखमी आहे का हे मात्र कोणी बघत नाही. मी एका व्यापाऱ्याला विचारले, तर तो हसला. "सर, घोडा घ्यायचा का दवाखाना काढायचा?" दाखवायच्या घोड्यांचे डोके उंच दिसावे, मानेला बाक यावा म्हणून साखळी आखडून धरलेली होती. परीक्षकाला आणि फोटो काढणाऱ्याला ती ताठ मान रुबाबदार वाटते. चाचांनी माझ्या कानात सांगितले, "दर्द की वजेसे उठाया है, शान की वजेसे नै." एवढी पारख त्या माणसाला आहे, आणि त्याच माणसाच्या खुंटीवर काटेरी लगाम होता. पोट माणसाला असे दोन तुकड्यांत कापते.

कायदा आहे का? आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम 1960 चा, आणि त्याखाली ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांसाठी 1965 साली झालेले नियम. त्यांतला आठवा नियम टोकदार सळई, काटेरी साज, जखम होईल असे कुठलेही साधन वापरायला स्पष्ट बंदी करतो, गाडीसाठीही आणि स्वारीसाठीही. माझ्या जन्माच्या आधीचा नियम. तरी काटेरी लगाम बाजारात उघड मिळतो. गंमत अशी की कानपूरच्या कारागिरांनी शिवलेले खोगीर-लगाम जगभर जातात, त्या कामाला भौगोलिक मानांकन आहे, आणि ते कारागीर पुष्कळसे आपलेच. परदेशी घोड्याच्या गालावर मऊ, कडा घासलेले, तेल पाजलेले चामडे, आणि आपल्या घोडीला नायलॉन आणि काटा.

आता चाचांचा मुद्दा, जो मला सोपा वाटत नाही. "साधा लगाम लगाया, और डीजे में घोडी बिदकी, बच्चा कुचला गया, तो जेल कौन जायेगा? आप?" मी पंढरीच्या वारीचे उदाहरण दिले. रिंगणात माउलींचा अश्व धावतो, त्याच्या पाठीवर कोणी नसते, लगाम ओढणारा हात नसतो, भोवती लाखो माणसे. चाचा म्हणाले, "वारी में डीजे रहता क्या?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि मला वाटते तेच उत्तर आहे. साधा लगाम एकटा पुरत नाही. डीजेच्या भिंतीमागे आणि फटाक्यांच्या मध्ये घोडीला उभी करायची आणि गुळगुळीत सळई घालून पुण्य मिळवायचे, हे जमणार नाही. पण काटेरी लगामही तिथे सुरक्षित नाही, आमच्याच बारातीत घोडी काट्यासकट दोन पायांवर उभी राहिली होती. घाबरलेल्या जनावराला आणखी दुखवले तर ते दुखण्यापासून पळते, आणि पळायला जागा नसली की वर उठते. म्हणून माझे मत असे की डीजे हवा असेल त्याने घोडी सांगू नये, गाडी सजवावी. घोडी हवी असेल त्याने शहनाई किंवा बँड आणि तोही पुढे, अंतर राखून. घोडीबंदीची मागणी मी करत नाही. त्याने चाचांची घोडी उपाशी मरेल, दुसरे काही होणार नाही.

आपल्या मोहल्ल्यात बारात, बँड, डीजे यांवर तकरीरी होतात. नाचगाणे, फिजूलखर्ची, दिखावा, सगळे मुद्दे येतात. त्या वादात मी पडत नाही. फक्त एवढे नोंदवतो की इतक्या तकरीरींमध्ये घोडीबद्दल एकही वाक्य मी ऐकलेले नाही. खरे तर ज्या कुराणात धावत्या घोड्यांच्या शपथेने एक सूरा सुरू होते, 'अल-आदियात', ते आपण रोज नमाजेत पढतो, पोरांना तोंडपाठ करून घेतो. जनावराच्या तोंडावर मारायला आणि डाग द्यायला पैगंबरांनी मनाई केली, हे सहीह मुस्लिममध्ये आहे. चेहऱ्यावर मारायचे नाही, मग तोंडाच्या आत करवत चालवलेली चालते का? हा प्रश्न मी एका मौलानांना विचारला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, लगाम मी कधी आतून पाहिला नाही. प्रामाणिक उत्तर होते. मीही पाहिला नव्हता.

चाचांच्या घोडीसाठी पाच इंची, गुळगुळीत, न गंजणाऱ्या पोलादाची सळई मागवली. साडेआठशे रुपये लागले. पाचशे ते आमचे कापलेले आणि उरलेले मी घातले. चाचा आधी घेईनात. घोडीच्या जखमा भरेपर्यंत मित्राने तोंडात काहीच घालायचे नाही असे सांगितले, म्हणून तो महिना नुसत्या मोरकीवर गेला आणि तीन सुपाऱ्या चाचांनी सोडल्या. हा तोटा कोणी भरून दिला नाही. मग नवी सळई दाखवली तर घोडी शेडच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, दात घट्ट आवळून. लोखंड म्हणजे काय हे ती विसरली नव्हती. चाचांच्या नातवाने सळईला गूळ लावून रोज नुसती चाटायला दिली. हा पोरगा माझ्या वर्गात आहे, आणि त्याच्याबद्दल मी एकदा हजेरीपटासमोर 'मुजोर' हा शब्द वापरला होता. एकविसाव्या दिवशी घोडीने स्वतःहून तोंड उघडले. पोरगा धावत शाळेत सांगायला आला, मधल्या सुट्टीच्याही आधी.

तेव्हापासून चाचा बयाना घेताना दोन अटी सांगतात: डीजे पन्नास पावलांच्या आत नको, आणि घोडीजवळ फटाका नको. निम्मी गिऱ्हाइके तिथूनच परत जातात. दुसऱ्या घोडेवाल्याकडे जातात, ज्याच्या खुंटीवर अजून काटा आहे. चाचांनी भाडे वाढवले आहे आणि मला ते योग्य वाटते. दोन माणसांची रोजी त्यात आहे. बयाना देण्याआधी तुम्ही घोडेवाल्याला म्हणा, लगाम दाखवा, तोंडातला भाग दाखवा. झालर नको, सळई दाखवा. तो चिडला तर समजून घ्या. मग ओठांचे कोपरे बघा, नाकपट्टीत दोन बोटे घालून बघा. पाच मिनिटांचे काम आहे.

येत्या हिवाळ्यात दूल्हेभाईंच्या धाकट्या मुलाचे लग्न आहे. घोडी चाचांचीच हवी असे आपाचे म्हणणे, आणि डीजे हवाच असे पोराचे. परवा दूल्हेभाई मला म्हणाले, तू चाचांशी बोल, तुझे ऐकतील. मी म्हटले, आधी तुम्ही पोराशी बोला. बयाना अजून दिलेला नाही.